दोन टक्क्यांचा न्याय

‘कार्ड दिलेत तर दोन टक्के जास्त पडतील.’ वसईच्या बाजारपेठेपासून दादरच्या सराफकट्ट्यापर्यंत हे वाक्य आता कोणाला नवे राहिलेले नाही. शंभर रुपयांच्या खरेदीत दोन रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. परंतु घरात लग्न निघाले, तीन लाखांचे दागिने घ्यायचे ठरले, की त्याच दोन टक्क्यांचे सहा हजार रुपये होतात. मग वधूपिता चिडतो, सराफ खांदे उडवतो, आणि बाहेर पडल्यावर कुटुंबात चर्चा रंगते ती अशी : हा माणूस आपल्याला लुटतो आहे, की आपणच त्याच्या कमाईत हात घालू पाहत आहोत?

हा विषय व्यापाऱ्यांच्या मासिकात शोभेल, धर्मगुरूने त्यात का पडावे, असे कोणाला वाटणे स्वाभाविक आहे. पण लेवीयच्या ग्रंथात तराजू आणि मापे खरी ठेवण्याची आज्ञा पितरांचा सन्मान व परक्यांवरील प्रीती यांच्या शेजारीच आलेली आहे, आणि आमोस संदेष्ट्याचा संताप पेटतो तो माप लहान आणि वजन जड करणाऱ्या धान्यविक्यांवर. देवघराइतकीच गल्ल्याचीही जागा नीतीच्या कक्षेत येते, हे आपल्या परंपरेने कधी नाकारलेले नाही. शिवाय आपल्या धर्मग्रामांतील किती तरी कुटुंबे आज गल्ल्याच्या अलीकडे उभी आहेत आणि किती तरी पलीकडे. दोन्ही बाजूंनी हा प्रश्न माझ्यापुढे मांडला गेला आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम ते दोन टक्के जातात कोठे, हे नीट समजून घेऊ. समजा, चाळीस हजारांचा फ्रिज कोणी क्रेडिट कार्डावर घेतला. दुकानदाराच्या खात्यात चाळीस हजार जमा होत नाहीत. व्यवहारातून एक शुल्क कापले जाते. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ते साधारणपणे दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असते. आपण दोनच धरू. म्हणजे आठशे रुपये, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १४४ रुपये. हा कर काही दुकानदारांना हिशेबात वळता करून घेता येतो, काहींना येत नाही. आठशे रुपयांचे वाटे तीन ठिकाणी होतात : दुकानात यंत्र बसवणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखी जाळे चालवणारी संस्था, आणि ग्राहकाला कार्ड देणारी बँक. सर्वांत मोठा वाटा या शेवटच्या बँकेचा. त्यातलाच काही अंश ती ग्राहकाला ‘पॉइंट’ म्हणून परत देते. ज्या बक्षिसांचा आपल्याला आनंद होतो, ती बँकेच्या औदार्यातून आलेली नसतात. त्यांचा उगम बहुतांशी दुकानदाराच्या गल्ल्यातच असतो.

आता फ्रिजच्या विक्रीत त्याला पाच टक्के, म्हणजे दोन हजार सुटत असतील, तर त्यातले आठशे केवळ पैसे घेण्यापायी गेले. सराफाचीही तीच गत. सोन्याचा भाव सर्वांना ठाऊक असतो, त्याची मिळकत मुख्यत्वे घडणावळीत, पण शुल्क मात्र सोन्याच्या संपूर्ण किमतीवर लागते. गिऱ्हाइकाला लुटण्याची इच्छा नसलेला माणूसही ‘एवढे तुम्ही द्या’ असे म्हणू लागतो, याचे मूळ येथे आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात स्वतंत्र प्रकरण करून मांडला. कार्ड त्यांच्या स्वप्नातही नव्हते. पण त्यांनी केलेला एक भेद आजच्या प्रश्नाला विलक्षण लागू पडतो. वस्तू हातची गेल्याने विक्रेत्याला खरोखरच काही तोटा होत असेल, तर तो तोटा तो किमतीत धरू शकतो. परंतु त्याला स्वतःला तोटा नाही, केवळ घेणाऱ्याला त्या वस्तूची निकड आहे, एवढ्यावरून त्याने भाव चढवला, तर तो स्वतःच्या मालकीचे नसलेले काही तरी विकतो आहे. निकड ही घेणाऱ्याची आहे. ती विक्रेत्याने कशी विकावी?

हा भेद हाती धरला की बऱ्याच गोष्टींचा निवाडा आपोआप होतो. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराला खर्च येतो, तेव्हा त्या खर्चाएवढी मागणी मुळात अन्याय्य म्हणता येत नाही. पण जेथे खर्चच नाही तेथे काय? रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील व्यवहारांना १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून असे शुल्क घेतले जात नाही. तरीही ‘कार्ड म्हणजे कार्ड’ असे म्हणत रुपे डेबिट कार्डावरही दोन टक्के मागणारे गल्ले मी पाहिले आहेत. येथे काही वादच उरत नाही. ही सरळ लबाडी आहे. खर्च दोन टक्के असताना तीन घेणे, किंवा पन्नास रुपयांच्या औषधावर ‘मशीन चार्ज’ म्हणून दहा रुपये लावणे, हेही त्याच माळेतले मणी. रात्री अकरा वाजता रुग्णालयाशेजारच्या औषधाच्या दुकानात ज्याच्या खिशात रोकड नाही आणि फोनची बॅटरी संपली आहे, त्याच्याकडून दिवसापेक्षा जास्त टक्का घेणारा मनुष्य नेमकी निकडच विकत असतो.

मात्र ‘खर्च’ हा शब्द उच्चारताना दुकानदारानेही आपल्या मनाशी प्रामाणिक असले पाहिजे. रोकड फुकट येते काय? ती मोजावी लागते, खोट्या नोटा निघतात, सुटे पैसे शोधावे लागतात, बँकेत नेऊन भरावी लागते, चोरीची धास्ती असते. जुन्या पिढीतील वाण्याच्या लाल वहीतील उधारी आठवावी. त्यातली किती बुडाली, ते त्या वाण्यालाच माहीत. आज ग्राहक उधारीवरच घेतो, पण बुडाल्यास झळ बँकेला लागते, दुकानदाराचे पैसे एक-दोन दिवसांत हाती पडतात. कार्ड चालते म्हणून दुकानात शिरणारा ग्राहकही काही कमी नसतो. तेव्हा कापल्या गेलेल्या शुल्काचा काही भाग हा दुकानदाराला मिळालेल्या सेवेचा मोबदला आहे. सगळाच्या सगळा भार ग्राहकावर टाकून स्वतः केवळ बळी असल्याचा आव आणणे मला पटत नाही.

येथवरचा विचार दोघांपुरता झाला. पण गल्ल्यापाशी एक तिसरी व्यक्ती उभी असते, आणि माझ्या मते या प्रश्नाचा खरा गाभा तिच्यात आहे. नायगावची एखादी मासेविक्री करणारी बाई वर्षभर भिशी भरून रोख चाळीस हजार जमवते आणि तोच फ्रिज घ्यायला येते. दुकानदार सज्जन आहे, कोणाकडूनही अधिक मागत नाही. पण कार्डाचे शुल्क त्याला कोठून तरी भरून काढणे भाग आहे. निम्मे ग्राहक कार्ड वापरतात असे धरले, तर तो सर्वच मालाची किंमत एक टक्क्याने वाढवील. म्हणजे या बाईने चारशे रुपये अधिक मोजले, ज्या कार्डाचे तोंडही तिने पाहिलेले नाही त्याच्यापायी. आणि कार्ड वापरणाऱ्या साहेबांनी आठशेऐवजी चारशेच मोजले, वर पॉइंट मिळवले, त्या पॉइंटांवर विमानाचे तिकीट काढले. फलकावर कोणताही जास्तीचा आकार नाही, कोणाची तक्रार नाही. तरी गरिबाच्या थैलीतून श्रीमंताच्या थैलीत पैसा सरकला.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हा हिशेब मांडून पाहिला. त्यांच्या अनुमानानुसार रोखीने व्यवहार करणारे कुटुंब वर्षाकाठी सरासरी १४९ डॉलर कार्डधारकांच्या पदरात टाकत होते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. आपल्याकडे यूपीआयमुळे चित्र थोडे निराळे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आज भाजीवालीपर्यंत पोहोचली आहे. परंतु तत्त्व तेच राहते : यूपीआयने पैसे देणारी भाजीवालीदेखील, त्या दुकानात सर्वांना एकच किंमत असेल, तर क्रेडिट कार्डाचा खर्च उचलते.

म्हणूनच सर्वांना एक किंमत लावणारा दुकानदार सरळ आणि ‘दोन टक्के जास्त’ म्हणणारा लोभी, हा आपला पहिला समज मला तपासून घ्यावासा वाटतो. ज्याने खर्च निर्माण केला त्याच्याकडून तो उघडपणे मागणे हे, ज्याने केला नाही त्याच्याकडून गुपचूप घेण्यापेक्षा, न्यायाच्या अधिक जवळ आहे. आपल्याला पहिल्याचा राग येतो, कारण तो दिसतो.

यावर एक बळकट आक्षेप आहे. दुकानदाराने यंत्र घेताना बँकेशी केलेल्या करारात ‘कार्डधारकाकडून जास्तीचा आकार घेणार नाही’ अशी अट सामान्यतः असते. डेबिट कार्डांविषयी तर रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या डिसेंबरात बँकांना बजावले की, त्यांच्या दुकानदारांनी हे शुल्क ग्राहकांवर ढकलू नये याची खातरजमा त्यांनी करावी. मग शब्द देऊन तो मोडणे हे पाप नव्हे काय? मी हा आक्षेप हलक्याने घेत नाही. दिलेला शब्द ही ख्रिस्ती माणसाची पत आहे. ‘सगळेच तसे करतात’ हे उत्तर नव्हे.

पण तो शब्द कोणत्या परिस्थितीत दिला गेला, हेही पाहिले पाहिजे. ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या नावाड्याचे उदाहरण दिले आहे : तो माल समुद्रात फेकतो ते स्वेच्छेने की जबरदस्तीने? दोन्हीही थोडे थोडे. निर्मळच्या एखाद्या दुकानदारापुढे बँक छापील कागद ठेवते. त्यातील एक अक्षरही बदलण्याची त्याची शक्ती नसते, आणि यंत्र न घ्यावे तर गिऱ्हाईक शेजारी जाते. अशा कराराची नैतिक बांधिलकी शून्य होते असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्या जाचाचे उत्तरदायित्व ज्याने अट लिहिली त्याच्याकडेही जाते. बँक स्वतः शुल्क घेणार, त्यातून ग्राहकाला बक्षिसे वाटणार, आणि ते शुल्क त्या ग्राहकाला कधी दिसू नये अशी तजवीज मात्र दुकानदाराकडून करवून घेणार! गल्ल्यावरच्या माणसाला दोष देताना आपण काचेच्या इमारतीतील या माणसाला सहज विसरतो.

आता एक मार्ग पुष्कळांना सुचतो. जास्तीचा आकार घ्यायचा नाही ना? मग फलकावर कार्डाची किंमत लिहावी आणि रोख देणाऱ्यास सूट द्यावी. अशा सुटीला सहसा आडकाठी नसते. गणित तेच, शब्द उलटे. हा शब्दच्छल झाला का? अमेरिकेत या शब्दावर किती लढाई झाली, ते पाहण्यासारखे आहे. पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्येच लिहून ठेवले होते, की किमतीत फरक ठेवायचाच असेल तर त्याला ‘रोखीची सूट’ म्हणावे, ‘कार्डाचा अधिभार’ म्हणू नये, यासाठी कार्ड कंपन्या आग्रही होत्या. कारण उघड आहे. सूट न मिळणे माणसाला फारसे लागत नाही. खिशातून जाणे लागते. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानेही अधिभाराला मनाई केली होती. तेथील एका केशकर्तनालयाच्या मालकांनी व इतर काही व्यापाऱ्यांनी याला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे, की हा कायदा आमची किंमत ठरवत नाही, आम्ही ती कोणत्या शब्दांत सांगावी ते ठरवतो. २९ मार्च २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा मान्य केला, की असा कायदा बोलण्याचेच नियमन करतो, आणि प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. पुढे ११ फेब्रुवारी २०२४ पासून न्यूयॉर्कमध्ये नियम झाला तो असा, की कार्डाने पैसे देणाऱ्यास एकूण किती पडेल तो आकडा डॉलरमध्ये आधीच लिहिलेला असावा. टक्केवारी सांगून मोकळे होता येणार नाही.

हा नियम मला आवडतो. फरकाला सूट म्हणा वा अधिभार, माझी त्याविषयी तक्रार नाही. पण आकडा माल निवडण्यापूर्वी कळला पाहिजे. आपल्या बाजारात खरी व्यथा नेमकी येथे आहे. दोन तास बसून बांगड्या पसंत केल्या, मुलीने हातात घालून पाहिल्या, आईने डोळे पुसले, आणि मग पावती करताना ‘कार्ड असेल तर दोन टक्के’ असे सांगायचे. तेव्हा उठून जाण्याची ताकद कोणात असते? मालाचा दोष घेणाऱ्यापासून लपवू नये, असे अक्वायनस यांनी त्याच प्रकरणात म्हटले आहे. उशिरा सांगितलेली किंमत हा दोषच होय.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. काही ठिकाणी कार्डावरील दोन टक्के हे केवळ भुजगावणे असते. ग्राहकाने रोख द्यावे, पक्के बिल मागू नये, विक्री वहीत येऊ नये, हा खरा हेतू. ‘बिल नको असेल तर कराचेही वाचतील’ हे पुढचे वाक्य हळू आवाजात येते. सोन्यावर ३ टक्के कर आहे. तो आणि कार्डाचे दोन टक्के वाचले या आनंदात आपली सोज्ज्वळ, रविवारी न चुकता मिस्साला येणारी माणसे कच्ची पावती खिशात घालून घरी येतात. येथे दुकानदार एकटा दोषी नसतो. ज्याला बँकेच्या दोन टक्क्यांत अन्याय दिसतो आणि सरकारच्या तीन टक्क्यांत दिसत नाही, त्याची न्यायबुद्धी त्याच्या पाकिटाच्या तालावर चालते.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग चोखाळले आहेत. ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकांच्या कार्डांवर असा आकार घेण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियाने त्याच्या उलट २००३ पासून तो घेऊ दिला. पुढे दुकानदार खर्चापेक्षा अधिक उकळू लागले तेव्हा २०१६-१७ मध्ये प्रत्यक्ष खर्चाची मर्यादा घातली. आणि २०२५ मध्ये तेथील रिझर्व्ह बँकेने तो आकारच बंद करून मूळ शुल्क उतरवण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे बावीस वर्षांनी गाडी बँकांच्या दारापर्यंत पोहोचली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याच्याशी मिळताजुळता वाद होऊन गेला आहे. पंधराव्या शतकात इटलीतील शहरांतून फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांना तारणावर अल्प रक्कम देणाऱ्या पतपेढ्या निघाल्या. कर्मचाऱ्यांचे वेतन आणि जागेचा खर्च भागावा म्हणून त्या थोडे शुल्क घेत. हे व्याजच झाले, असे म्हणत डॉमिनिकन विद्वान कायेतान यांनी १४९८ साली त्यांच्याविरुद्ध लिहिले. अखेर १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन विश्वपरिषदेत पोप लिओ दहावे यांनी निर्णय दिला : केवळ खर्चापुरते आणि नफ्याविना घेतलेले शुल्क निर्दोष आहे. मात्र त्याच आदेशात पुढे असेही सुचवले होते, की संस्थापकांनीच तो खर्च भागवण्याची सोय केली, तर ते अधिक परिपूर्ण व पवित्र ठरेल. यूपीआयचे ओझे आज ना देणाऱ्यावर ना घेणाऱ्यावर आहे. ते बँका आणि सरकारी तिजोरी मिळून वाहतात. लिओ महाराजांना ही कल्पना अगदीच परकी वाटली नसती.

जाता जाता आपल्या घरातलेही पाहू. अनेक शाळांची फी आता संगणकावरून भरावी लागते आणि कार्डाने भरताना ‘सुविधा शुल्क’ म्हणून काही रक्कम पालकांच्या माथी येते. शाळेच्या खिडकीत रोख घेणे बंद करून ‘सुविधा’ कोणाची केली, हा प्रश्न पालकांनी विचारावा आणि आम्ही संचालकांनी ऐकावा. ज्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही त्याच्याकडून निवडीचे मोल घेणे मला औषधाच्या दुकानातील त्या रात्रीच्या प्रसंगापेक्षा फार वेगळे वाटत नाही. दुसरा, शुल्कविरहित मार्ग खुला असेल, तर गोष्ट निराळी.

क्रेडिट कार्डधारक म्हणजे श्रीमंतच, असेही सरसकट धरू नये. आजारपणात वा नोकरी गेल्यावर कार्डावर किराणा भरणारी तरुण कुटुंबे आपल्यात आहेत. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज भरत असताना गल्ल्यावर आणखी दोन टक्के देणे त्यांना खरोखर जड जाते. दुकानदाराला हे चेहऱ्यावरून कळत नाही. पण ओळखीच्या वस्तीतल्या दुकानदाराला पुष्कळदा कळते, आणि तेव्हा तो ते दोन टक्के सोडतो, असेही मी पाहिले आहे.

ग्राहकाच्या बाजूविषयीही अक्वायनस यांचे एक लहानसे वाक्य सहसा दुर्लक्षित राहते. ज्या घेणाऱ्याला व्यवहारातून मोठा लाभ झाला, तो स्वखुशीने विक्रेत्याला काही अधिक देऊ शकतो, आणि ते त्याच्या सौजन्याचे लक्षण ठरते, अशा आशयाचे ते आहे. पॉइंट ज्याला मिळतात तो ग्राहक. दीडशे रुपयांच्या पाव-बिस्किटांसाठी क्रेडिट कार्ड पुढे केले, तर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचे तीन रुपये जातात. त्याच खिशातल्या फोनवरून यूपीआयने दिले, तर एकही जात नाही.